शब्द नको, कागद द्या

२०२४ च्या जुलै महिन्यातली रात्र. अकरा वाजून गेले होते. बाहेर पावसाचा जोर होता आणि वीज गेली होती. एकलहऱ्यात वीज गेली की बाहेरगावचे पाहुणे हटकून हसतात. वीज केंद्राच्या चिमण्या तुमच्या दारात आणि अंधारही तुमच्याच घरात, असे म्हणतात. मला नुकताच डोळा लागला होता तोच आईची हाक आली.

"भाऊ, ऊठ. बाबासाहेबांच्या फोटोवर पाणी येतंय."

बॅटरी घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो. भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यातून पाण्याची धार फोटोच्या चौकटीवर उतरत होती. शेजारी तथागतांची तसबीर आणि तिच्या बाजूला दोन वर्षांपूर्वी गेलेल्या माझ्या वडिलांचा फोटो. आईने तिन्ही तसबिरी उतरवल्या, आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळल्या आणि पलंगावर ठेवल्या. त्या रात्री ती जमिनीवर झोपली. भिंतीवर तीन पांढरे चौकोन राहिले. आजूबाजूचा रंग धुराने काळवंडलेला, तेवढेच तीन चौकोन स्वच्छ. पुढचे चार महिने ते चौकोन माझ्याकडे पाहत होते.

मी मात्र त्या रात्री फारसा घाबरलो नाही, हे कबूल केले पाहिजे. कारण माझ्याकडे गॅरंटी होती. सात वर्षांची, शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरची.

ती कशी मिळाली ते सांगतो. आमचे घर चोवीस बाय सव्वीस फुटांचे. वडील वीज केंद्राच्या दोनशे दहा मेगावॅटच्या संचांचे बांधकाम चालू होते तेव्हा ठेकेदाराकडे बिगारी म्हणून आले आणि इथलेच झाले. १९९६ मध्ये त्यांनी स्लॅब टाकला. पंचवीस वर्षांनी तो पाझरू लागला. मे २०२२ मध्ये घरदुरुस्तीसाठी बँकेचे कर्ज काढून गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून घेतला. ब्याण्णव हजार रुपये लागले. वीस हजार रोख बयाणा, मग चाळीस आणि बत्तीस हजारांचे दोन धनादेश. काम करणारा कंत्राटदार ओळखीचा. तरुणपणी तो वडिलांच्या हाताखाली पाट्या टाकायचा, पुढे गवंडी झाला, मग स्वतःची कामे घेऊ लागला. वडिलांना तो 'मामा' म्हणे.

काम संपल्यावर तो म्हणाला, "मामा, सात वर्षं एक थेंब गळणार नाही. माझा शब्द आहे."

वडील म्हणाले, "बस झालं. शब्दापेक्षा मोठं काय असतं?"

मी मध्ये पडलो. मी बी.कॉम. झालेला माणूस. कचेरीत वीस वर्षे फाइलींवर टिपणी लिहीत आलो. रविवारी वंदना झाल्यावर विहारात बसून लोकांचे अर्ज भरून देतो. कुणाचे निराधार योजनेचे प्रकरण, कुणाचा जातीचा दाखला, कुणाची शिष्यवृत्ती. प्रत्येकाला एकच सांगत आलो आहे की कागद सांभाळा, तीन झेरॉक्स काढा, एक घरात, एक नातेवाइकाकडे, एक कामाच्या ठिकाणी. तेव्हा मी कंत्राटदाराला म्हणालो, "शब्द नको, कागद द्या."

त्याचा चेहरा जरा उतरला, हे मला तेव्हाही दिसले. पण दोन दिवसांनी त्याने नाशिकरोडहून स्टॅम्प पेपर आणला, हमीपत्र टाईप करून घेतले, सही केली. वडिलांनी साक्षीदार म्हणून सही केली. त्यांना सहीपुरतेच लिहिता येत होते, पण ती सही मोठी टपोरी असायची. डिसेंबरमध्ये ते गेले.

तर, त्या रात्रीनंतर सकाळी मी कपाट उघडले. निळ्या रंगाचा प्लास्टिकचा फोल्डर होता. त्यात हमीपत्र, बयाण्याची पावती, कामाचे बिल आणि कर्जाबरोबर बँकेने उतरवायला लावलेली घराची विमा पॉलिसी. फोल्डर नव्हता. वरचा खण, खालचा खण, पेटी, माळा, मुलीच्या शाळेच्या वह्या, सगळे उपसले. नव्हताच. आणि तीन झेरॉक्स? दुसऱ्यांना सांगणारा मी, स्वतःच्या कागदाची एकही काढली नव्हती. रोज शेकडो झेरॉक्स निघतात अशा कचेरीत बसूनही.

मग मला आठवले की फेब्रुवारीत आतल्या खोल्यांना रंग दिला तेव्हा सगळे सामान अंगणात काढले होते आणि आईने रद्दी विकली होती.

मी आईला विचारले. विचारले म्हणजे काय, ओरडलोच. "तूच टाकलास. तुला कागद कळत नाही तर हात कशाला लावतेस?" हे वाक्य मी माझ्या आईला बोललो. विहारातल्या माणसांशी कधी वरच्या पट्टीत न बोलणारा मी. आई एवढेच म्हणाली, "म्या निळं काही टाकलं नाही रे." मी ऐकून घेतले नाही.

त्या दिवसापासून आईने एक नवीन सवय लावून घेतली. घरात कागदाचा कुठलाही कपटा सापडला की ती तो हातात धरून माझ्याकडे येई. साखरेच्या पुडीचा कागद, गोळ्यांच्या पाकिटावरचे चिटोरे, जुने लग्नाचे आमंत्रण. "भाऊ, हा टाकू का?" रागाने नव्हे, खरोखर विचारायची. पत्नी मला म्हणाली, "अहो, त्यांना एकदा सांगा ना की झालं गेलं विसरा." मी म्हणालो, "आधी पैसे कुठून आणायचे ते बघू."

कंत्राटदाराला बोलावले. तो आला, गच्चीवर चढला, कोपऱ्यातली भेग पायाच्या अंगठ्याने चाचपली. खाली येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, मामा असते तर मी काही न बोलता करून दिलं असतं. पण तुम्हीच म्हणाला होता ना, शब्द नको, कागद द्या? मी कागद दिला. आता तुम्ही कागद दाखवा."

माझ्याकडे उत्तर नव्हते. तो पुढे म्हणाला, "आणि त्यात अटी होत्या. तुम्ही वर डिश बसवलीय. अटीत बसत असेल तर करतो, नसेल तर नाही." अटी काय होत्या ते मला शब्दशः आठवत नव्हते. कागद हरवला की नुसता हक्क जात नाही, हक्काच्या मर्यादाही दुसऱ्याच्या हातात जातात. तो सांगेल ती अट.

पत्नीने दुसरा मार्ग सुचवला. "कर्जाबरोबर घराचा विमा आहे ना? दोन वर्षं हप्ता कापला जातोय. त्यातून नाही का मिळणार?" विम्याचा कागदही त्याच फोल्डरमध्ये. पण इथे अडचण लवकर सुटली. ज्यांच्या घरच्या पॉलिसी हरवल्या आहेत त्यांना याचा उपयोग होईल म्हणून सांगतो. बँकेत कर्जखात्याचा उतारा मागितला. त्यात विम्याचा हप्ता कापल्याच्या नोंदीसमोर विमा कंपनीचे नाव आणि तारीख होती. कंपनीच्या शाखेत नाव, पत्ता, कर्जखात्याचा क्रमांक लिहून अर्ज दिला. पॉलिसीची प्रत चार दिवसांत मिळाली. विमा कंपनीशी झालेला करार कंपनीच्या दप्तरात असतोच. आपल्या हातातला कागद ही त्याची प्रत. तो हरवला म्हणून विमा बुडत नाही. आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी हरवली तर दुय्यम प्रतीसाठी स्टॅम्प पेपरवर नुकसानभरपाईचा बंधपत्र लिहून द्यावा लागतो, सोपस्कार थोडे जास्त आहेत, पण तिथेही विमा बुडत नाही. किती विधवा भगिनी 'कागद सापडत नाही' म्हणून दावाच करत नाहीत, हे मी विहारात पाहिले आहे. त्यांनी पतीच्या बँक पासबुकातली हप्त्याची नोंद शोधावी. धागा तिथून सापडतो.

तर पॉलिसी मिळाली. नाव 'भारत गृह रक्षा'. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठीची ही एकसारखी पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांनी द्यावी असा विमा नियामक प्राधिकरणाचा नियम आहे. मी ती रात्री बसून वाचली. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल. पाण्याची टाकी किंवा नळ फुटून झालेले नुकसानही त्यात आहे. पण स्लॅब हळूहळू पाझरणे त्यात नाही. अचानक कोसळलेल्या संकटासाठी विमा असतो. झिजेसाठी किंवा कुणीतरी वाईट केलेल्या कामासाठी तो नसतो. टाकी फुटली असती तर दावा बसला असता, कोबा फुटला तर नाही. कंपनीच्या बाईंनी तेच सांगितले आणि त्या बरोबर होत्या. दावा बसत असूनही नाकारला असता तर विमा लोकपालाकडे जाता येते, आपल्या भागासाठी पुण्याचे कार्यालय आहे, एक पैसाही फी नाही, नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. पण न बसणाऱ्या दाव्यासाठी लोकपाल काय करणार?

विलायतेत दुरुस्तीच्या गॅरंटीचाच विमा उतरवण्याची सोय आहे, असे वाचले होते. काम करणारा कंत्राटदार धंदा बंद करून बसला तरी घरमालकाला विमा कंपनी भरपाई देते. आपल्याकडे छोट्या कंत्राटदाराच्या गॅरंटीमागे कंत्राटदाराशिवाय कुणी उभे नसते. नवीन इमारतीत घर घेतलेल्यांना २०१६ च्या रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे बांधकामातल्या दोषाबद्दल बिल्डरला जबाबदार धरता येते, पण आमच्यासारख्या स्वतः बांधलेल्या घराला त्याचा उपयोग नाही. म्हणजे मी पुन्हा त्या एका कागदापाशी येऊन थांबलो.

पावसाळा चालू होता. कोपऱ्याखाली बादली, बादलीत फडके, म्हणजे आवाज होत नाही. मुलगी दहावीला. तिचा अभ्यासाचा टेबल स्वयंपाकघरात हलवला. कचेरीत माझे लक्ष नसे.

एके दिवशी कचेरीत लेखापरीक्षणाची माणसे आली होती. एका खर्चाचे प्रमाणक, म्हणजे व्हाउचर, सापडत नव्हते. त्यांच्यातल्या वयस्कर गृहस्थांनी आवाज न चढवता विचारले, "तुमच्याकडे नाही ना? मग ज्याला पैसे दिले त्याच्याकडे काय आहे? बँकेत काय आहे? माल कुठून आला त्याच्याकडे काय आहे?" मी चरकलो. हे तर मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला ऑडिटिंगच्या पेपरात लिहिले होते! व्यवहार एका ठिकाणी कधीच नोंदला जात नाही. आपल्या हातातला कागद गेला तरी त्या व्यवहाराचे ठसे चार परक्या माणसांच्या वह्यांत राहतात, आणि परक्या माणसाची नोंद आपल्या नोंदीपेक्षा जास्त विश्वासाची धरतात. पंचवीस वर्षांपूर्वी पाठ केलेले माझ्याच घरावर लागू करायचे मला सुचले नव्हते.

संध्याकाळी घरी येऊन वही घेतली. बँकेच्या पासबुकात दोन धनादेश, कंत्राटदाराच्या नावासह, तारखांसह. म्हणजे काम झाले आणि पैसे दिले हे सिद्ध. हमीचे काय? तेवढ्यात मुलगी म्हणाली, "पप्पा, आजोबांनी सही केली तेव्हाचा फोटो माझ्याकडे आहे." माझा तेव्हाचा मोबाईल केव्हाच मोडीत गेला होता, पण तिने आजोबांचे सगळे फोटो जपून ठेवले होते. गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत वडील, मांडीवर पाटी, पाटीवर स्टॅम्प पेपर, शेजारी कंत्राटदार हसतोय. मजकूर वाचता येत नव्हता. वडिलांच्या हाताने निम्मा झाकला होता. पण फोटो मोठा करून पाहिल्यावर स्टॅम्प पेपरच्या वरच्या भागातला क्रमांक वाचता आला. दोन अक्षरे आणि सहा आकडे.

मुद्रांक छापले जातात ते आमच्या शेजारी, नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात. देशभरच्या लोकांचे करार ज्या कागदावर होतात तो कागद आमच्या दारात छापला जातो. पण त्याच्या विक्रीचा हिशोब कसा ठेवतात याचा मी कधी विचार केला नव्हता. मुद्रांक विक्रेत्याला नोंदवही ठेवावी लागते. कोणत्या तारखेला, कुणाला, कोणत्या कामासाठी, कोणत्या क्रमांकाचा कागद विकला, ते त्यात लिहून घेणाऱ्याची सही घेतलेली असते. हमीपत्र नोटरीपुढे केले असेल तर नोटरीच्याही नोंदवहीत त्याचा अनुक्रमांक असतो. आमचे नोटरी केलेले नव्हते.

शनिवारी नाशिकरोडला गेलो. पहिल्या विक्रेत्याने हाकलून लावले. दुसरे म्हातारे गृहस्थ होते. त्यांना सगळे सांगितले, फोटो दाखवला. ते म्हणाले, "दोन वर्षांपूर्वीची वही माळ्यावर आहे. मंगळवारी या." मंगळवारी अर्धी रजा टाकून गेलो. वही काढून ठेवली होती. त्यांनी बोट ठेवले. १७ मे २०२२, तोच क्रमांक, कंत्राटदाराचे नाव, त्याची सही आणि कारणाच्या रकान्यात 'हमीपत्र'.

मला त्या वहीवर डोके टेकवावेसे वाटले.

त्यांनीच पुढचे सांगितले. "टाईप कुठं केलं असेल? शेजारीच. त्याच्या कॉम्प्युटरात सगळं पडून असतं." शेजारच्या टपरीतल्या मुलाने कंत्राटदाराच्या नावाने शोधले आणि दोन मिनिटांत मजकूर पडद्यावर आणला. सात वर्षे. गळती झाल्यास स्वखर्चाने दुरुस्ती. अट एकच होती की स्लॅबवर तोडफोड केल्यास किंवा नवीन बांधकाम केल्यास हमी लागू राहणार नाही. आमची डिश कठड्याच्या भिंतीवर होती, स्लॅबला हातही लागलेला नव्हता. साक्षीदार म्हणून वडिलांचे नाव. प्रिंट काढली, पाच रुपये दिले.

सही नसलेली ती प्रिंट एकटी काहीच नव्हती. पण पासबुक, फोटो, विक्रेत्याची नोंद आणि ही प्रिंट एकत्र ठेवली की गोष्ट उभी राहत होती. मूळ दस्तऐवज हरवला किंवा नष्ट झाला असेल तर दुय्यम पुरावा देता येतो, हे आपल्या कायद्यात फार पूर्वीपासून आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे ते ६५ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ते ६० वे आहे. कायदा गृहीत धरतो की माणसाच्या हातून कागद हरवतात. मी मात्र आईच्या बाबतीत ते गृहीत धरले नव्हते.

आता केस करावी का, यावर घरात आणि वस्तीतही बोलणे झाले. आमच्या विहारातल्या एका ज्येष्ठांनी सांगितले, "भाऊसाहेब, गरिबीतून वर आलेला आपल्यातला माणूस आहे. त्याला कोर्टात ओढू नका." मला ते पटत होते आणि नव्हतेही. ब्याण्णव हजारांचे कर्ज माझ्या पगारातून दरमहा कापले जात होते. ओळखीच्या माणसाने केलेले काम गळायचे आणि परक्याने केलेले गळायचे नाही, असा काही नियम आहे का? शेवटी पत्नी म्हणाली, "आधी नोटीस द्या. भांडण नाही, पत्र आहे ते." मग मीच साध्या मराठीत लिहिले. काम कधी झाले, पैसे कसे दिले, हमी काय होती, गळती कधी सुरू झाली, पंधरा दिवसांत दुरुस्ती करून द्यावी, अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. सोबत सगळ्या प्रती. या वेळी तीन-तीन झेरॉक्स काढल्या. पत्र पोचपावतीसह टपालाने पाठवले.

ग्राहक आयोगाची माहिती मी आधीपासून लोकांना सांगत आलो आहे, तरी दोन ओळी. १९८६ चा पहिला कायदा जाऊन २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. ज्या कामासाठी पाच लाखांपर्यंत पैसे मोजले त्याच्या तक्रारीला फी लागत नाही. वकील असलाच पाहिजे असे नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. आधी फोनवर सल्ला हवा तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आणि नवीन कायद्यात एक गोष्ट फार चांगली आहे. दिलेल्या सेवेचे बिल किंवा पावती न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. 'बिल कशाला, घरचंच काम आहे' म्हणणाऱ्यांना हे ऐकवावे.

अकराव्या दिवशी कंत्राटदार आला. हातात माझे पत्र. चहा घेतला नाही. बराच वेळ कागद चाळत बसला. मग तो फोटो बाहेर काढून म्हणाला, "हा मामांचा फोटो मला पाठवाल का?"

मग हळूहळू बोलला. त्या वर्षी त्याची दोन कामे गळाली होती. दोन्ही ठिकाणी स्वतःच्या खिशातून भरले होते. सिमेंटचा भाव वाढला, माणसांची मजुरी वाढली, गॅरंटी मात्र जुन्या भावातली. "माझ्या मागं कुठली कंपनी आहे, भाऊसाहेब? तुमचा कागद हरवला म्हटल्यावर मला वाटलं, सुटलो." एवढे सरळ कुणी बोलत नाही. मला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही. पण सूटही दिली नाही. निम्मा खर्च मी उचलावा असे त्याने सुचवले तेव्हा मी नाही म्हणालो. अजून तो हप्ता फिटत होता. पाऊस संपल्यावर काम, एवढी सवलत दिली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळी झाल्यावर, त्याने चार माणसे लावली. कठड्याखालचा कोबा दोन फूट रुंदीने उचलला. भेग तिथेच होती. पहिल्या वेळी कोपरा नीट गोल भरून घेतलाच नव्हता. पुन्हा भरला, कठड्याच्या भिंतीवर फूटभर वरपर्यंत चढवला. मग गच्चीच्या पाण्याच्या वाटा बंद करून अठ्ठेचाळीस तास पाणी कोंडून ठेवले. हे पाणी कोंडणे प्रत्येकाने शेवटचा पैसा देण्याआधी करून घ्यावे. आम्ही २०२२ मध्ये फक्त एक रात्र कोंडले होते. आई रोज त्या चार माणसांना भाकरी आणि ठेचा वर नेऊन देत होती. खाली कोपऱ्याखाली बादली ठेवून आम्ही दोन दिवस वाट पाहिली. एक थेंब आला नाही. त्याने लेटरहेडवर लिहून दिले की मे २०२९ पर्यंतची हमी कायम आहे. स्टॅम्प पेपर मी मागितला नाही. त्याचा शंभराचा खर्च ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेवर गेला आहे. सही आणि तारखेचे साधे पत्रही पुरावाच असते.

डाग पडलेल्या छताला आणि भिंतीला मी स्वतः चुना आणि रंग दिला. तसबिरी परत वर लागल्या.

गोष्ट इथे संपली असे मला वाटले होते.

जानेवारी २०२५ मधला रविवार. विहारातल्या ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटात हजेरीपुस्तक शोधत होतो. जुन्या वर्गणीच्या वह्यांखाली काहीतरी निळे दिसले. ओढले. माझा फोल्डर. हमीपत्र, पावती, बिल, पॉलिसी, सगळे जसेच्या तसे. वडिलांची टपोरी सही.

मग हळूहळू आठवत गेले. २४ डिसेंबर २०२३, राष्ट्रीय ग्राहक दिन. त्या दिवशी रविवार आला होता म्हणून विहारात मी भाषण केले होते. विषय होता 'बिल मागा, पावती मागा'. हमीपत्र कसे असावे ते दाखवायला घरून हा फोल्डर नेला होता. सगळ्यांना हातात देऊन फिरवला. टाळ्या पडल्या. कार्यक्रमानंतर चहा, मग कुणीतरी सामान आवरून कपाटात ठेवले. रंगकाम फेब्रुवारीत झाले. आईने रद्दी विकली तेव्हा फोल्डर घरात नव्हताच.

फोल्डर घेऊन घरी आलो. आई ओसरीवर मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सांगितले की मीच विहारात विसरलो होतो, तू टाकला नव्हतास. आणखी काहीतरी बोलायचे ठरवून आलो होतो, ते घशातच राहिले. तिने हात पदराला पुसले, फोल्डर घेतला, उघडला. वाचता येत नाही, पण वडिलांची सही तिने ओळखली. त्यावरून बोट फिरवले.

"म्या म्हणत होते ना," एवढेच बोलली आणि फोल्डर माझ्याकडे परत दिला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर दाराशी रद्दीवाला हातगाडी घेऊन उभा होता. आई वर्तमानपत्रांचा गठ्ठा, वह्यांची जुनी पुठ्ठी, औषधांची खोकी त्याच्या तराजूत टाकत होती आणि भावावरून त्याच्याशी भांडत होती. मी शेजारून आत गेलो. तिने मला काहीही विचारले नाही.